हात वर केलेला माणूस

रविवार, १२ जानेवारी. पुंडलिकनगर.

आज आईवर उगीच ओरडले. मनातून जात नाहीये.

परग्रहावरून कधी संदेश आलाच तर उलगडता यावा, म्हणून आमचा हौशी गट सराव करतो. एकानं नुसत्या ठिपक्यांत संदेश लिहायचा, बाकीच्यांनी काही न विचारता अर्थ लावायचा. या वेळी पाळी माझी. मी दोन माणसं काढली, लांब लांब उभी. एकानं हात वर केलेला. बस्स.

कागद टेबलावर ठेवून चहा टाकायला गेले, तेवढ्यात आईनं पेन्सिलीनं सगळे ठिपके जोडून टाकले. रांगोळीची सवय! तो वरचा हात तर ओढत नेऊन दुसऱ्या माणसाच्या हातात दिला.

"अगं, रिकाम्या जागेलाही अर्थ असतो! आणि तो नमस्कार करतोय, कशाला जोडलास?"

"नमस्कार कुठला? तुझे बाबा हायेत ते. आयसीयूच्या काचंमागून असाच हात केलता."

मी कागद जवळ ओढून पाहिला. खरंच तसाच काढलाय. काढताना कळलंही नाही.

"बाबा 'घरी जा' म्हणत होते ना?"

"मला तर 'ये' म्हणल्यावानी वाटलं. पर मधी काच होती."

बाबा गेल्यावर इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही हे कधी बोललोच नव्हतो.

गटाचा नियम आहे, शेवटी खरा अर्थ लिहिणाऱ्यानंच सांगायचा. उद्या सगळे मला विचारतील, तो हात काय म्हणतोय?

काय सांगू?