टीएसएच अडतीस

५ जानेवारी, सकाळी
आजपासून थायरॉइडची गोळी बंद.
कारण साधं आहे. मार्चअखेर लिफ्ट मेंटेनन्सचं झोनल प्रमुखपद भरणार. अर्जाबरोबर मेडिकल फॉर्म आहे, त्यात ‘नियमित औषध घेता का?’ असा रकाना आहे. तिथं मला ‘नाही’ लिहायचंय, आणि मी खोटं लिहीत नाही. समोरच्या टेबलावरचा टायवालाही त्याच पदावर डोळा ठेवून आहे. अनुभव शून्य, टाय मात्र रोज नवा.
दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तुमची ग्रंथी मंद आहे. आमच्या सात पिढ्यांत मंद कुणी नाही. गोळीनंच तिला ऐतखाऊ करून ठेवलंय.
हिला सांगितलेलं नाही. ही रोज सकाळी बशीत गोळी काढते, शेजारी पाण्याचा ग्लास ठेवते. आज पाणी प्यायलो. गोळी बेसिनमध्ये.

१९ जानेवारी
काडीचा फरक नाही. म्हणजे गोळीचा उपयोग कधी नव्हताच. लुटलं.

६ फेब्रुवारी
ऑफिसातला एसी कुणीतरी मुद्दाम वाढवून ठेवतं. मी स्वेटरमध्ये, आणि टायवाला मला दाखवायला बाह्या दुमडून बसतो. रिमोट ड्रॉवरमध्ये कुलूपबंद केला. दुपारी सगळे घामाघूम. झाले असतील. नाटकं.

१८ फेब्रुवारी
लाँड्रीवाला पँट्स आटवून आणतो. एक नाही, सगळ्या. त्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, साहेब, तुमच्या शर्टांचं काय? शर्टही त्यानंच आटवलेत. लाँड्री बदलली.
मीटिंगमध्ये डोळे मिटून विचार करत होतो. टायवाल्यानं खांद्याला हात लावला आणि सगळ्यांदेखत, साहेब, चहा आलाय, असं म्हणाला. याचा वचपा काढायचा. (उद्या. आज फार थकवा आहे.)

२ मार्च
ही हल्ली भयंकर भरभर बोलते. एक वाक्य समजेपर्यंत दुसरं येऊन आदळतं. आज विचारत होती, अहो, आवाज बसलाय, चेहरा सुजलाय, गोळी घेताय ना? घेतो म्हणालो. खोटं लिहीत नाही असं मी म्हटलं होतं. बोलण्याबद्दल काही म्हटलं नव्हतं.

९ मार्च
घात. गोळी बेसिनच्या जाळीत अडकली आणि हिनं ती बघितली. मग काय, आकाशपाताळ एक केलं. शेजारणीनं खिडकी लावून घेतली. शेवटी हिचं तोंड बंद व्हावं म्हणून रक्त द्यायला कबूल झालो. करू दे. दूध का दूध होईल.

१२ मार्च, संध्याकाळी
रिपोर्ट आला. नाचावंसं वाटतंय, पण गुडघे दुखतात.
गोळी घेत होतो तेव्हा टीएसएच होता अडीच. आता अडतीस. नॉर्मल म्हणे पाचपर्यंत. म्हणजे नॉर्मल माणसाच्या सातपट. पुढे वर जाणारा बाण, ठळक अक्षरात. शाळेत गणितात एवढे कधी पडले नव्हते.
खाली टी-फोर म्हणून एक आहे, त्याचा बाण खाली. तेही उत्तमच. साखर कमी चांगली, कोलेस्टेरॉल कमी चांगलं, मग टी-फोर का नाही?

१३ मार्च
रिपोर्ट घरच्या ग्रुपवर टाकला. मेहुणा स्वतःला दीडशहाणा समजतो. त्यानं लिहिलं, भाऊजी, ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. जळतो. त्याला ग्रुपमधून काढला.
अर्ज दिला. ‘नियमित औषध: नाही’. रिपोर्ट कुणी मागितला नव्हता, मीच जोडला, अडतीसवर पिवळा मार्कर मारून. कामगिरीच्या रकान्यात लिहिलं: ‘माझ्या हाताखाली ग्राहकांचे फोन दुपटीने वाढले. यावरून ग्राहकांचा विश्वास दिसतो.’ टायवाल्याच्या भागात दिवसदिवस फोन वाजत नाही. कुणी विचारत नाही बिचाऱ्याला.

१६ मार्च
भावाला ग्रुपमधून काढल्यावरून ही पुन्हा तापली. मीही सोडलं नाही. म्हणालो, तुझ्या ओरडण्यानंच मी आजारी दिसतो, तू गप्प बसलीस तर ठणठणीत होईन. हिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, बरं.
जिंकलो.

२४ मार्च
कंपनीच्या डॉक्टरांनी बोलावलं. वाटलं, अभिनंदन असेल. त्यांनी पिवळा मार्कर बघितला, मग मला बघितलं. स्वेटर कधीपासून घालता, असं विचारलं.
म्हणाले, टीएसएच ग्रंथी बनवतच नाही. तो वरून येतो, मेंदूच्या बुडाशी असलेल्या दुसऱ्या ग्रंथीकडून. काम होत नाहीये, काम कर, असा निरोप असतो तो. गळ्यातली ग्रंथी जितकी ढिली, तितके निरोप जास्त. अडतीस म्हणजे वरून बोंबाबोंब चाललीय आणि खाली कुणी उचलत नाही. टी-फोर म्हणजे प्रत्यक्ष झालेलं काम, आणि तेच कमी आहे. गोळी ते काम भरून काढत होती. मग म्हणाले, तुम्ही लिफ्टवाले, तुम्हाला काय सांगायचं? लिफ्ट बंद पडली की फोन वाढतातच ना?
यावर मी नुसता खाकरलो. घसा बसलाय.
गोळी आजपासून सुरू करा म्हणाले. गोळीमुळे पद अडत नाही, असंही म्हणाले. मग रकाना कशाला ठेवलाय? उगाच माणसाला गोत्यात आणायला.

२७ मार्च
टायवाला झाला.
मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये सांगितलं, तब्येतीचा प्रश्नच नव्हता, ती सुधारेल. पण फोन दुपटीने वाढले, हे तुम्ही स्वतःच लिहून दिलंत.
टायवाला टेबलापाशी आला. हळू आवाजात म्हणाला, साहेब, मनाला लावून घेऊ नका, तुमच्या स्वेटरवरूनच ओळखलं होतं, गोळीची सवय होते, मीपण कॉलेजपासून घेतोय. फॉर्ममध्ये लिहिलं होतंस का, असं मी विचारलं. म्हणाला, हो, रकाना होता ना.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. एसीचा रिमोट देऊन टाकला.

३ एप्रिल, सकाळी
नवा हिशेब आता पक्का कळलाय: ओरडा कमी म्हणजे काम चोख. त्या हिशेबानं घर उत्तम चाललंय. आठवडाभर एक चढा शब्द नाही. सगळं रेंजमध्ये.
ही रविवारी मेहुण्याकडे गेली. बॅग मोठी होती. फोन करत नाही, म्हणजे तक्रार नाही.
आज गोळी सुरू करायची म्हणून ग्लास मीच भरला. गोळीची बाटली मात्र सापडेना. ती कुठं ठेवते, हे मी दोन वर्षांत कधी बघितलंच नव्हतं. शेवटी हिलाच फोन लावला.
उचलत नाही. पुन्हा लावला. अडतीस वेळा लावीन म्हणतो.