मितालीच्या रॅकेटची नाडाछडी

गोरवा, बडोदे
मंगळवार

१. कोणालाही इजा झालेली नाही.
२. दसऱ्याला आबांनी मितालीच्या दोन्ही रॅकेटना नाडाछडी (इकडचा पूजेचा लाल दोरा) बांधली.
३. रविवारी टेनिस अकादमीच्या निवड चाचणीत तिचा बॅकहँड शेजारच्या कोर्टात गेला.
४. तरीही तिची निवड झाली.

तीर्थरूप आत्याआजींस साष्टांग नमस्कार. मोहनाकाकूने तुम्हाला यातला फक्त तिसरा मुद्दा कळवला असे समजले, म्हणून आधी चारही लिहिले. तुमचा गुडघा कसा आहे? कोल्हापुरातली नवी डॉक्टरीण जिने चढू देते का? इकडे सगळे बरे आहेत, आबाही. (फोन करणार होते, पण फोन कोणाचाही असो, आबा शेजारी येऊन बसतात.)

आता क्रमाने. मितालीच्या अकादमीतले क्षितिज सर म्हणतात, या वयात बॅकहँड दोन हातांनीच हवा. हल्लीचा चेंडू खांद्याच्या वर उसळतो आणि तेरा वर्षांच्या मुलीचा एक हात तिथे पुरत नाही. मी इंजिनांचे कंपन मोजण्याची नोकरी करते, त्यामुळे मला त्यात चूक दिसली नाही. आबांना दिसली. "आपल्या घराण्यात तलवार कुणी दोन हातांनी धरली होती का?" मी म्हटले, तलवारीसमोर काही खांद्यावर उसळत नसे. त्यानंतर आबा माझ्याशी दोन दिवस फक्त गुजरातीत बोलले.

दसऱ्याला शस्त्रपूजेत नेहमीप्रमाणे दोन तलवारी आणि आबांची लाकडी रॅकेट होती. यंदा त्यांनी मितालीच्याही रॅकेट मांडायला सांगितल्या. आम्हा दोघी बहिणींना वाटले, विरघळले. त्यांनी कुंकू लावले, झेंडू वाहिला आणि मुठीवर, उजव्या हाताच्या बरोबर वर, जिथे डावा हात येतो तिथेच, नाडाछडीचे सुपारीएवढ्या गाठीचे वेढे घातले. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहेच: शस्त्राला बांधलेला दोरा हाताने सोडायचा नाही, आपोआप गळेपर्यंत ठेवायचा. (दोरा सुती आहे. मी ओढून पाहिला. लवकर गळणारा नाही.)

रविवारी मिताली तशीच खेळली. डावा हात ठेवला की गाठ तळव्यात रुतायची, म्हणून पहिला उंच चेंडू तिने एका हाताने मारला. तोच तो शेजारच्या कोर्टात गेला. तिथले गृहस्थ "अरे बेन!" म्हणून खाली बसले. मग मितालीने डावा हात गाठीच्या पलीकडे, पार रॅकेटच्या जाळीखालच्या गळ्यापाशी नेला. दोन हातांत वीतभर अंतर, मुसळ धरतात तसे. आणि चेंडू जाऊ लागले. क्षितिज सर उठून आले.

"ही पकड कोणी शिकवली?"

"कोणी नाही सर. दसऱ्याची रॅकेट आहे."

ते बराच वेळ हसले. पाय आणि नजर चांगली आहे म्हणून निवडले, पण अट घातली: दिवाळीनंतर लाभपाचमीला शिबिर सुरू होईल तेव्हा दोन्ही हात एकमेकांना लागून हवेत, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. मी कोर्टाबाहेरच्या पायऱ्यांवर बसून पाणी प्यायले. मला इतके हायसे वाटेल असा अंदाज नव्हता.

घरी मितालीने आबांना सांगितले. त्यांनी तिला पेढा दिला, पण दोरा तसाच ठेवला. ती आता रॅकेट उशाशी घेऊन झोपते आणि सकाळी उठल्यावर दोरा गळला का ते बघते.

बाकी ठीक.

तुमची,
वैष्णवी

ता. क. शस्त्राचा दोरा घरातले सर्वांत वडील माणूस सोडवू शकते, असे आबाच एकदा म्हणाले होते. त्यांना वाटते ते माणूस म्हणजे तेच. पण त्यांना 'मान्या' म्हणणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहीण तुम्ही अजून आहात. तुम्ही त्यांना फोन करून दोरा सोडायला सांगावे.

ता. क. २. ते फार ताणणार नाहीत असे वाटते. काल सकाळी कामावर जाताना मी त्यांना क्लबच्या भिंतीवर चेंडू मारताना पाहिले. लाकडी रॅकेट, बॅकहँड, दोन्ही हात. त्यांच्या रॅकेटची नाडाछडी मुठीवर नाही, वर गळ्यापाशी बांधलेली आहे. दोन्ही हात नीट बसतात. त्यांनी मला पाहिलेले नाही, आणि हे तुम्ही त्यांना सांगू नये.

तुमचे उत्तर धनत्रयोदशीपर्यंत मिळावे.