भिंतीकडचा आयरिसचा गड्डा आणि माझी इतर मालमत्ता

रविवार, दिनांक ३ मार्च २०१९, सकाळी ६ वाजून ४० मिनिटे. आयरिस या फुलझाडाच्या गड्ड्यावर पावसाने उडालेली माती जुन्या ब्रशने झाडून, हात धुऊन मी हे मृत्युपत्र लिहायला बसलो आहे. वय सव्वीस, काम पुस्तकबांधणीचे. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी बळजबरी केलेली नाही. अक्षर वाकडे आहे ते आजाराने. पुढे सहीवरून वाद नको म्हणून नोंदवतो.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा दादाला. तो घर विकणार हे ठाऊक आहे, हरकत नाही. मात्र ३० जूनपूर्वी ताबा देऊ नये. दादा म्हणाला, "एका झुडपापायी गिऱ्हाईक ताटकळत ठेवू?" होय, ठेवावे. कारण कलम ४ मध्ये आहे.

२. इस्पितळाचे बिल भागवून बँकेत उरेल ते ताईला.

३. दाभण, कात्र्या आणि शिवणीची चौकट कारखान्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या चष्मेवाल्या सोबत्याला. बोथट सुरा मालकांना परत. तो मी बिघडवला म्हणून त्यांनी माझा पगार कापला आणि चारचौघांत म्हणाले, "सातवी नापासाला वेलांटी कळते, धार कळत नाही." एका पुस्तकाच्या नावातली चुकलेली वेलांटी मी दाखवली होती, त्याचा तो राग. सुरा बोथटच दिला होता.

४. आईने बागेतल्या दाढीवाल्या (खालच्या पाकळीवर केसाळ पट्टा असलेल्या) आयरिसच्या अकरा बहरांच्या तारखा वहीत लिहिल्या आहेत: पहिले फूल, शेवटचे फूल, गारा पडल्या तर गारा. ती नोव्हेंबर २०१५ मध्ये गेली. त्या थंडीत गड्डे उघडे पडलेले पाहून मला राहवले नाही. मी सगळ्या वाफ्यावर चार बोटे माती आणि शेणखत ओढून दाबून बसवले. आयरिसच्या गड्ड्याची पाठ उन्हात उघडीच लागते, हे आईने ताईला सांगितले होते, मला नाही. वसंतात वाफा कुजला. वास घरात येत होता. ताई म्हणाली, "आई गेली तेव्हा निदान वाफा तरी उरला होता. तोही तू गाडलास." त्यानंतर ती या घरात आलेली नाही.

भिंतीकडे पन्हाळीखाली माती वाहून गेली, म्हणून एक गड्डा वाचला. दोन वर्षे नुसती पाने. गेल्या वर्षी एक दांडा आला, तीन फुले: वरच्या पाकळ्या पिवळ्या, खालच्या विटकरी. १९ ते २७ एप्रिल. वहीतली ही बारावी नोंद माझ्या अक्षरात आहे. ताईला कळवायचे धाडस झाले नाही.

हा गड्डा आणि वही ताईची. बहर संपल्यावर सहा आठवड्यांनी दादाने तो उकरावा, पाने वीतभर ठेवून कापावी, सावलीत सुकवावा. ताई न्यायला आली नाही, तर कागदात गुंडाळून तिच्या दाराशी ठेवावा. घंटी वाजवू नये. आयरिसचा गड्डा मातीशिवाय महिनाभर तगतो. तेवढ्यात तिने ठरवावे.

शेजारच्या शिंपीणकाकूंनी सही करण्याआधी हे सगळे वाचले आणि विचारले, "अरे, मग आजच जाऊन का नाही सांगत तिला?"

"गड्डा आत्ता उकरता येत नाही, काकू," मी म्हणालो.

हे कारण खरे आहे.

साक्षीदार: १. शिंपीणकाकू (सही) २. कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)
लिहून देणार: धाकटा (सही)
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक वरीलप्रमाणे, सकाळी ९ वाजून १० मिनिटे.