खांद्यावरची बोटं

शनिवार संध्याकाळ, द्वारका

आज शाळेत मेडल मिळालं, वर्षभर वृद्धाश्रमात सेवा केली म्हणून. कॉलेजच्या अर्जात लिहायला झालं, आई खूश. स्टेजवर मोठ्या पडद्यावर माझा आणि वृद्धाश्रमातल्या लेले आजींचा फोटो होता. सगळे टाळ्या वाजवत होते. आजी मागच्याच आठवड्यात गेल्या, हे तिथे कुणाला माहीत होतं?

सेवेचा पुरावा म्हणून शाळेला फोटो लागतो, म्हणून काढलेला. आजी म्हणाल्या होत्या, "थांब गं, केस विंचरू दे. तुझ्या कामाचा आहे ना, नीट यायला हवा." मग मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

दुपारी आईबरोबर आजींच्या मुलाकडे गेले. भिंतीवर हार घातलेला तोच फोटो! काकांकडे आजींचा अलीकडचा एकही नव्हता, माझ्याकडूनच मागवला होता. फोटोतून मला कापलंय. खांद्यावर फक्त माझी बोटं राहिलीत.

"सॉरी बेटा, तेवढा हात काढता आला नाही," काका म्हणाले.

"राहू दे ना, काका."

आत्ता अर्जाला जोडायला म्हणून फोटो उघडला. जोडवतच नाहीये.

केस किती नीट आलेत आजींचे.