गुन्हा नसल्याचा दाखला

२७ ऑक्टोबर

आलं एकदाचं पत्र! ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा अर्ज मार्चमध्ये भरला होता. आता म्हणतात, गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला द्या — नोटरीच्या शिक्क्यानिशी, इंग्रजी भाषांतरासह. अठ्ठावीस दिवसांत. म्हणजे चोवीस नोव्हेंबर.

मागच्या महिन्यात मला पंचेचाळीस पूर्ण झाली. हा अर्ज बाद झाला तर पुन्हा भरायची सोय नाही. वयच गेलं. वीस वर्षं हांगचौच्या इस्पितळात लोकांची बेडपॅन उचलली, गुन्हा करायला सवड कधी मिळाली मला?

३० ऑक्टोबर

नोटरीच्या कचेरीतली मुलगी काचेमागून, वर न बघता: "आधी पोलिसांचा कागद आणा, ताई." पोलीस कुठले? तर जिथे नाव नोंदलंय तिथले. माझं नाव अजून गावी, आईच्या कुटुंबपुस्तिकेत, त्या माणसागणिक एक पान असलेल्या सरकारी वहीत. बसने तीन तास. ठाण्यातला जाडा हवालदार फांग थर्मासचं झाकण फिरवत म्हणाला, "आधी नोटरीचं पत्र. मग आमचा कागद."

दोघांना एका खोलीत कोंडून घालावं!

२ नोव्हेंबर

नोटरीतल्या त्या मुलीच्या मागे लागून पत्र काढलं. पुन्हा रजा. हेडनर्स म्हणाली, "चाओयुन, तू परदेशी चाललीयेस की रोज गावी?"

फांगने पत्र वाचलं. ठीक आहे म्हणाला. "आता पुस्तिका दाखवा." धावत घरी. आई दारात लसूण सोलत बसलेली.

"हरवली."

"कधी?"

"ते आठवत असतं तर हरवली असती का?"

३ नोव्हेंबर

पुस्तिका नवी काढून मिळते. फक्त कुटुंबप्रमुखाने स्वतः येऊन सही करायची. बाबा गेल्यापासून कुटुंबप्रमुख कोण? आई! आणि आईचा गुडघा दुखतोय. बाजारात कोबी निवडताना दुखत नाही, ठाण्याचं नाव काढलं की दुखतो.

५ नोव्हेंबर

तीनदा फोन केला. उचलला नाही.

८ नोव्हेंबर

सापडली! काल रात्रीची पाळी संपवून तशीच गावी गेले. आई म्हणाली, भात लाव. पिंपात हात घातला तर तांदळाखाली प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत पुस्तिका.

मी ओरडले. खूप ओरडले. शेजारच्या काकू खिडकीत आल्या. आई आधी म्हणाली, उंदरांपासून जपून ठेवली होती. मग म्हणाली, "बघ की उघडून. तुझ्या बाबांच्या पानावर शिक्का — मयत. तुझ्या भावाच्या पानावर शिक्का — नाव दुसरीकडे हलवलं. तिकडे कायमची राहिलीस की तुझ्याही पानावर मारतील. मग मी कुणाची कुटुंबप्रमुख? कोंबड्यांची?"

मी म्हटलं, पानं काय मोजतेस, मी रोज फोन करीन ना. भात करपला. तोच खाल्ला दोघींनी.

९ नोव्हेंबर

फांगने दहा मिनिटांत कागद दिला. दहा मिनिटं! ह्यासाठी मी आठवडाभर नाचत होते!

१० नोव्हेंबर

नोटरीकडे अर्ज दिला. त्यांनी पुस्तिकेची नक्कल ठेवून घेतली. कामाचे सात दिवस लागतील म्हणे. जरा लवकर होईल का विचारलं. "सगळ्यांचंच तातडीचं असतं, ताई."

११ नोव्हेंबर

आईचा फोन. "पुस्तिका आजच्या आज परत पाठव." पुन्हा पिंपात पुरणार बहुतेक. कुरियरने पाठवली. पुरू दे.

१५ नोव्हेंबर

आता रोज फोन येतो. "तिकडे थंडी किती असते?" "तिकडच्या चुलीवर मोठी कढई बसते का?" "म्हातारी माणसं तिकडे दिवसभर करतात काय?" टोमणे, दुसरं काही नाही. मी तुटक उत्तरं देते. वॉर्डात उभं राहून किती वेळ ऐकायचं?

२१ नोव्हेंबर

मिळाला!! माझं नाव, शिक्का, भाषांतर, सगळं जागच्या जागी. संध्याकाळी स्कॅन करून अर्जाला जोडला. तीन दिवस हातात ठेवून. नोटरीतल्या मुलीला मोसंबी नेऊन दिली. पहिल्यांदा तिने वर पाहिलं.

२२ नोव्हेंबर

आईला सांगायला गावी गेले. रागावेल, रडेल असं धरून चालले होते. तिने वाळवलेला मोहरीचा पाला घालून डुकराचं मटण केलं होतं. जेवण झाल्यावर पिंपातलीच ती पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. आत पुस्तिका. आणि ठाण्याचा एक कोरा करकरीत कागद. त्यावर आईचं नाव. कुठल्याही गुन्ह्याची नोंद नाही.

"गुडघ्याला पट्टी बांधून गेले," म्हणाली. "फांग विचारतो, आजी, तुम्हाला कशाला? म्हटलं, लेकीबरोबर जायचंय. हसला मेला. पण दिला, नोटरीचं पत्रही मागितलं नाही. आता त्या शिक्क्याचं तू बघ, मला इंग्रजी कुठे येतं?"

मी कागद घेतला. बघते म्हणाले.

२३ नोव्हेंबर

अर्ज उघडून बघितला. मार्चमध्ये मीच भरलेला. 'तुमच्यावर अवलंबून असलेली माणसं' — कोणी नाही.