नाक असलेलं वादळ

प्रिय येसुल,

परवापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय. तुझ्या त्या काचेवर माझी जाडी बोटं एक अक्षर दाबायला जातात आणि तीन उमटतात. तुमच्या कंपनीने हा फोन बाजारात आणला तो सोहळा आम्ही टीव्हीवर पाहिला. साहेब स्टेजवर दोन बोटांनी फोटो मोठा करत होते आणि तुझी आई शेजारणीला सांगत होती, "ते बोटांचं काम आमच्या येसुलचं." जणू साहेबांची बोटंच तू घडवलीस.

इथे देग्वाल्योंगच्या खिंडीत कडाक्याच्या थंडीत मासे वाळवताना हातमोजा काढायची सोय नाही आणि हातमोज्याला तुझा फोन दाद देत नाही. पण आई ऐकते थोडीच? तिने सॉसेज टेकवलं आणि फोन मुकाट चालू झाला. "तुमच्यापेक्षा सॉसेजला अक्कल जास्त," म्हणाली. आता माझ्या एका खिशात फोन, दुसऱ्यात सॉसेज. दुपारपर्यंत ते मीच खाऊन टाकतो, तो भाग वेगळा.

परवा सकाळी तुझं चित्र आलं. रोज तू ढगांचा नकाशा पाठवतेस, तसाच काळापांढरा भोवरा. वादळ येणार म्हणून माशांच्या सगळ्या माळा दोरांनी आवळल्या, शेजाऱ्यांनाही राबवलं. वाऱ्याची झुळूक नाही की काही नाही. सगळे मला हसून घरी गेले. मग आईने दोन हातांत दोन सॉसेज घेऊन चित्र मोठं केलं आणि ओरडली, "अहो, या वादळाला नाक आहे!"

पोरी, इतकी वर्षं तू आणि जावईबापू वाट पाहत होतात, आम्ही विचारायचंही सोडलं होतं. आणि तुझ्या सोनोग्राफीच्या त्या चित्राला मी काय उत्तर धाडलं? "भयंकर आहे. टळलं तर बरं. घराबाहेर पडू नकोस." तू फोन का उचलत नाहीस ते आत्ता कळलं. पुन्हा त्या फोनवर काही लिहायची माझी हिंमत नाही. शरद ऋतूत माझ्या स्वप्नात एक सोनेरी मासा उडी मारून कुशीत आला होता. मला वाटलं, यंदा धंदा चांगला होणार. अगं, बाळ येणार असलं की आपल्याकडे घरात कुणाला तरी असं स्वप्न पडतं; ते तुझ्या बाळाचं स्वप्न होतं, आणि पडलं मला! आनंदाने मला काल जेवण गेलं नाही. हे पत्र घेऊन आई पहिल्या बसने निघतेय, तिला दार उघड. आणि माझ्या निरोपातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं मान.

तुझाच,
बाबा