राखणदाराचा किताब

अकोला,
रविवार, ५ जानेवारी २०२०

तनवीर,

आपाचा सलाम आणि दुआ. इथे सगळे खैरियतने आहेत, तूही अमरावतीला तसाच असशील. अब्बांचा खोकला कमी आहे, पण पिंजायच्या मशीनजवळ तोंडाला रुमाल बांधा म्हटलं की ऐकत नाहीत. लग्नं आली तरी नव्या गाद्यांचं काम नाही. बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या सालापासून खेड्यातले लोक जुनाच कापूस पोत्यात भरून आणतात आणि हाच परत पिंजून द्या म्हणतात. परवीन फुफी तुझी विचारपूस करून गेल्या. तुझं स्वेटर धुऊन ठेवलं आहे, कोणी येणारं असलं तर पाठवते.

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प राहतोस. म्हणून कागद घेतला.

पेपरातला फोटो पाहिला. अब्बांनी तो कापून दुकानात, गल्ल्याच्या वरच्या भिंतीवर चिकटवला आहे. तुझ्या हातात ढाल, मागे अमरावतीचा कुठलासा हॉल, आणि खाली छापलं आहे की बंदुकांच्या या मोबाईल गेममध्ये पडलेल्या साथीदारांना तीन हजार वेळा उचलून ‘राखणदार’ किताब मिळवणारा अकोल्याचा तनवीर. पुढे तुझं वाक्य आहे, ‘मारण्यापेक्षा पडलेल्याला उचलण्यात मला जास्त समाधान वाटतं.’

हे वाक्य मी तुला बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी म्हटलं होतं. आपण गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. तू हसला होतास. म्हणालास, आपा, खेळातल्या या बिल्ल्यांचं करतेस काय, ना बाजारात विकता येत ना अंगावर घालता येत. मी तेव्हा नीट सांगू शकले नाही. आता सांगते.

मी गादी शिवते तेव्हा गिऱ्हाईक तिच्यावर बुक्क्या मारून खोट शोधतं. सापडली तर बोलतं, नाही सापडली तर उचलून घेऊन जातं. बारावीला मला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले, त्या दिवशीही अब्बा बरं म्हणाले आणि तुझ्या शाळेचा फॉर्म भरायला गेले. मी चांगलं केलं हे कुठे लिहिलेलं नाही. तुझा फुटक्या काचेचा जुना फोन माझ्याकडे आला, खेळातलं तुझ्याच नावाचं खातंही त्यात होतं. पहिल्यांदा कोणाला तरी गोळ्यांतून ओढून बाजूला घेतलं, तर पडद्यावर एक आकडा आला. दुसऱ्यांदा दोन झाला. तो आकडा कोणी नाकारू शकत नव्हतं. कोणी तो परतही घेत नव्हतं.

बाकीच्यांची कारणं वेगळी असतात. कोणाला रुबाब पाहिजे असतो. आपल्या टोळीतला धामणगाव रेल्वेचा रोहित लांबून नेम धरण्याचा बिल्ला मिळवायला चार महिने झटला, कारण त्याच्या गावातली पोरं त्याला कच्चा म्हणून संघात घेत नव्हती. मला फक्त माझं काम मोजलेलं पाहायचं होतं. तेरा महिने लागले. या तेरा महिन्यांत मी एकदाही माईक लावला नाही. सगळे मला तनवीरभाई म्हणत, आणि मी टाईप करून उत्तर देत होते.

दिवाळीच्या सुट्टीत तू त्या खात्याचा पासवर्ड मागितलास, मी तो कधीच बदलला होता. मी नाही म्हणाले. तू गेल्यावर दोन दिवसांनी खेळ उघडेना. तू फोनवर म्हणालास, कंपनीकडूनच बिघाड आहे. मी विश्वास ठेवला. महिनाभर रोज उघडून पाहत होते.

फोटो आला तेव्हा मी कात्री तशीच खाली ठेवली आणि अब्बांना म्हणाले, हे माझं आहे, तनवीरनं नाही केलं. त्यांनी मला खोटं पाडलं नाही. मशीन बंद केली, थोडा वेळ फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, “नाव तर त्याचंच हाय ना?”

आणि मशीन परत सुरू केली.

एवढंच लिहून थांबणार होते. पण जे मला लागलं ते हे नाही. अम्मी मागे उभी होती. ती म्हणाली की पासवर्ड तिनंच तुला दिला. मी तो लिहून ठेवला होता ती माझी मापांची वही तिनंच तुझ्यापुढे धरली, कारण तू तिच्याजवळ रडलास की पोरं तुला संघात घेत नाहीत. माझ्यासाठी चिखलीचं स्थळ येऊन राहिलं आहे, मुलीचा फोटो पेपरात येऊन काय करायचं, असंही म्हणाली. म्हणजे मी महिनाभर तो खेळ उघडून पाहत होते, तेव्हा ती समोर बसून लसूण सोलत होती. हे पत्र मराठीत लिहिते, कारण तिला मराठी वाचता येत नाही. विचारलं तर सांगेन, खुशाली लिहिली.

तू मागितलं असतंस आणि खरं कारण सांगितलं असतंस, तर मी दिलं असतं का? माहीत नाही. पण तू रडायला माझ्याकडे आला नाहीस. लहानपणी येत होतास.

मी नवीन खातं उघडलं, माझ्या नावानं. रोहितला शोधलं आणि लिहिलं की आधीचा तनवीर मी आहे. त्यानं शंका घेतली नाही. म्हणाला, त्या दिवशी अमरावतीच्या स्टेजवरच्या सामन्यात तो खेळातल्या विहिरीजवळ पडला होता आणि तू त्याच्या बाजूनं पळत पुढे गेलास. त्यानं नंतर तुला कारण विचारलं, “इतका कावून बदलला?” तू म्हणालास, हात दुखून राहिला.

परवा मी पहिल्यांदा माईक लावला. बाईचा आवाज ऐकून पहिला रोहितच बोलला, “ताई, डावीकडं आपला एक पडला हाय, जाता का?” मी गेले. माझे आता अकरा झाले आहेत.

सोळा फेब्रुवारीला अकोल्यात मोठी स्पर्धा आहे. तुझा संघ येतो आहे, यादीत पाहिलं. रोहित तुझ्याकडून निघून माझ्या संघात आला आहे. मी सगळ्यांसमोर बसून, माझ्या नावानं खेळणार आहे. अब्बांना त्याआधी मीच सांगेन, चिखलीच्या लोकांना काय सांगायचं ते अम्मीनं ठरवावं.

तू घरीच उतर. जेवण करून ठेवते, स्वेटरही घेऊन जा. तुझ्याशी बोलेन की नाही ते आत्ता कबूल करत नाही. पण खेळात तू माझ्यासमोर पडलास तर माझ्याकडे बघू नकोस. दुसऱ्या संघातल्याला उचलता येत नाही.

निखत